बखरीचं वजन

जहाजांच्या कारखान्यातल्या भांडाराच्या कारकूनकाकांना सगळे बखरकार म्हणत. अकरा वर्षं खपून त्यांनी कारखान्याचा इतिहास लिहिला होता. लाकडी होड्यांपासून थेट हायड्रोफॉईलपर्यंत, आठशे चाळीस पानं. हायड्रोफॉईल म्हणजे पोटाखाली पोलादी पंख असलेली फेरीबोट. वेग आला की ती पंखांवर उभी राहते आणि पाण्यावरून सुसाट सुटते. पन्नास वर्षांपूर्वीची पहिली बोट डागडुजी करून आज पुन्हा निघणार होती. ती पंखांवर उभी राहिली की त्याच क्षणी पुस्तकाचं प्रकाशन, असं मॅनेजरसाहेबांनी ठरवलं होतं.

साहेब, बखरकार आणि पाहुण्यांना घेऊन बोट निघाली. साहेब माइकवर गरजले, "मंडळी, आता आपण हवेत!"

इंजिन कोकललं, फवारे उडाले, पुढच्या रांगेतले पाहुणे न्हाऊन निघाले. पण बोट म्हशीसारखी डुंबत राहिली.

"आता!" साहेब पुन्हा म्हणाले. तिसऱ्या 'आता'ला पाहुणेच त्यांच्याबरोबर ओरडले.

कप्तानबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "नाक जड झालंय. पुढं काय ठेवलंय?"

बखरकार पुढं सरकले. "पुस्तकं."

"किती?"

"चारशेच."

"एकेक केवढं?"

बखरकारांनी हातानं जाडी दाखवली. बाईंनी बोट धक्क्याकडे वळवली.

खोकी उतरली. "अजून एक माणूस कमी झाला तर बरं," बाई म्हणाल्या. सगळ्यांच्या नजरा साहेबांच्या पोटावर गेल्या. साहेब ढग बघू लागले.

"मी उतरतो," बखरकार म्हणाले. कुणाकडे न बघता ते धक्क्यावर गेले.

या वेळी मात्र बोट अलगद उचलली गेली. ज्या क्षणावर त्यांनी तीन प्रकरणं लिहिली होती, तो त्यांनी खोक्यावर बसून पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. रुसवा विसरून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

धक्क्यावर कारखान्यातले निवृत्त कामगार जमले होते. बोटीचे पंख ज्यांनी जोडले, त्या वेल्डरआजोबांनी एक खोकं उघडलं, चष्मा लावला आणि खो खो हसत सुटले.

"अहो बखरकार, हे काय? 'पहिल्या चाचणीत संस्थापक स्वतः सुकाणूवर उभे होते'?"

"दप्तरात तसंच आहे, आजोबा."

"दप्तर त्यांनीच लिहिलं ना! तीनदा गेली बोट, उचलेचना. शेवटी संस्थापकसाहेबांना खुर्चीसकट उतरवलं. मीच एक पाय धरला होता खुर्चीचा. इथं बसले होते, तोंड एवढंसं करून. मग उडाली!"

"दुसरा पाय माझ्याकडे होता," मागून कुणीतरी म्हणालं.

बखरकारांचे डोळे लकाकले. त्यांनी खिशातून पेन काढलं, खोकं पुढं ओढलं. "नीट सांगा. खुर्ची कुठल्या बाजूला ठेवली होती?"

पहिल्या आवृत्तीचं प्रकाशन अजून व्हायचं होतं. धक्क्यावर दुसरीला सुरुवात झाली होती.