उघड्या इंजिनाने दुधनीला

गाडीचं मला कुणी शिकवायचं नाही! एकही पुस्तक न वाचता मी अख्खी जीप खोलून जोडली आहे. जोडल्यावर थोडे नट उरले, पण ते बनवणाऱ्यानेच जास्तीचे घातले असणार.

तर त्या दिवशी दुधनीला मेहुण्याचा साखरपुडा. मानाचा फेटा थोरल्या जावयाला, म्हणजे मला. उशीर झाला तर धाकट्या जावयाला, मल्लेशला. नव्या गाडीतून मिरवणारा तो मल्लेश! आणि इकडे आमच्या जीपचा मॅनिफोल्ड तडकलेला. म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे धाडणारा लोखंडी पंजा. तो वेल्डिंगला दिला, तर वेल्डिंगवाला दुकानाला कुलूप लावून गावाला!

"तसंच चालवतो," मी म्हणालो.

"व्हॉल्व्ह वाकतील की!" बिरुदेव मिस्त्री ओरडला. "तापल्या व्हॉल्व्हला गार वारं लागलं की संपलं!"

"काय हुत न्हाय," शेजारचे तात्याबा म्हणाले. "आमचं मळ्यातलं इंजिन वरीसभर तसंच बोंबलत हुतं."

"मग वर्षानं काय झालं?" मी विचारलं.

"चोरीला गेलं."

आता ह्यावरून माणसानं काय समजायचं?

"अहो, एसटीनं चला," बायको राजेश्वरी म्हणाली.

"थोरला जावई एसटीतून उतरणार?"

"मग मी जाते. तुम्ही या व्हॉल्व्ह सांभाळत."

गेली! मी स्टार्टर मारला. आवाज असा, की बॉनेटखाली दहा वराती एकदम फटाके उडवतायत! वाटेत कुंभारीत म्हशींनी दावी तोडली. अक्कलकोटात एक जण हात हलवत मागे धावला. काय म्हणाला देव जाणे, मीही हात हलवला.

दुधनीत मल्लेशच्या डोक्याला फेट्याचे दोन वेढे बसले होते. माझा आवाज ऐकून अख्खा मांडव बाहेर आला.

"बर्री जावईबापू, बर्री!" सासरे सिद्रामप्पांनी कानडीत 'या, या' केलं आणि बॉनेटच्या फटीतून आत डोकावले. "मॅनिफोल्डच न्हाई? व्हॉल्व्ह गेले की हो!"

"कोण म्हणतं?" नवरीचे काका चन्नप्पा पुढे आले. "उलट इंजिन मोकळं होतंय!"

"तुमाला इंजिनातलं काय कळतंय?"

"कळत न्हाई? मग असल्या घरात पोरगी द्यायची का, ते बी बघावं लागेल!"

झालं! व्हॉल्व्ह राहिले बाजूला, इथं साखरपुडाच मोडायला आला! सासऱ्यांनी घाईने मल्लेशचे वेढे सोडले आणि फेटा माझ्या डोक्याला बांधला. "थोरले तुमी. निकाल तुमीच लावा!"

छाती फुगली. बॉनेट उघडून मी आत वाकलो. "कुठं काय वाकलंय, या सगळे, बघा! मल्लेश, जरा रेस दे!"

त्याने दिली. अगदी मनापासून दिली! इंजिनाच्या उघड्या भोकांतून जाळ निघाला, फेट्याचा लोंबता शेमला भडकला. राजेश्वरीने पाहुण्यांच्या सरबताचं अख्खं पातेलं माझ्यावर उपडं केलं. मी विझलो. इंजिनही विझलं.

दोन्हीकडचे लोक पोट धरून हसत एकाच सतरंजीवर बसले, आणि साखरपुडा झाला.

व्हॉल्व्ह वाकतात की नाही, मला विचारू नका! सरबत प्यायल्यापासून इंजिन बोललेलंच नाही. मी परत आलो मल्लेशच्या गाडीतून. मागच्या सीटवर, खाली वर्तमानपत्र अंथरून. तशी त्याची अटच होती.