लांबची मावशी

जुन्या नट्यांचे सगळे फोटो विकून टाकले, यापुढे घरात एकही आणणार नाही, अशी हेडक्लार्कांनी बायकोसमोर शपथ घेतली होती. आणि नेमकी दारातच त्यांच्या पिशवीतून एक नटी घसरली. फिल्म स्टुडिओत काढलेला काळापांढरा फोटो, खांद्यावरून तिरपी नजर, मागे स्टुडिओचा जांभळा शिक्का आणि फोटोग्राफरची सही. या एका फोटोसाठी त्यांनी अर्धं आयुष्य जुन्या बाजारात धूळ खाल्ली होती.

"ही कोण?"

"मावशी," हेडक्लार्क बोलून गेले. "लांबची. लवकर गेली बिचारी."

बायको विरघळली. "अहो, मग पिशवीत काय कोंबताय तिला? भिंतीवर लावू की!"

भिंतीवर तर भिंतीवर, रोज दिसेल तरी! दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क खुशीत ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन पाहतात तर मावशीचे ओठ लालभडक आणि गाल गुलाबी.

"फ्रेमवाल्याकडून रंगवून आणली," बायको म्हणाली. "किती फिकटली होती!"

"आणि... मागची बाजू?"

"कुणीतरी शिक्के मारून घाण केली होती. त्याने सगळं खरवडलं आणि प्लायवूडवर चिकटवून टाकली. आता जन्मभर हलायची नाही."

हेडक्लार्क मटकन खाली बसले. त्यांना ओक्साबोक्शी रडावंसं वाटत होतं. बायकोने पाठीवरून हात फिरवला. "फार जीव होता का हो तिच्यावर?"

"फार," ते म्हणाले. या विषयावर ते बायकोशी पहिल्यांदाच खरं बोलत होते.

तेवढ्यात चष्म्याचा दुकानदार टपकला. त्यालाही हाच नाद. हाच फोटो तोही वर्षानुवर्षं शोधत होता. भिंतीपाशी तो थबकला. "अरे! ही तर..." मग त्याने रंग न्याहाळला, प्लायवूडवर टिचकी मारली आणि सुस्कारा सोडला. "छे, भास झाला. कोण या?"

बायको चहा घेऊन शेजारीच उभी होती.

"मावशी," हेडक्लार्क म्हणाले.

"तरीच! नाक अगदी तुमचंच."

तो गेल्यावर बायकोने कपबश्या उचलल्या. "फ्रेमवाल्याचा हात चांगला आहे, नाही? कपाटामागच्या पेटीतल्या बाकीच्या मावश्याही उद्या देऊन येऊ का?"

हेडक्लार्कांनी आशेने भिंतीकडे पाहिलं. मावशी खांद्यावरून दुसरीकडेच बघत होती.