सोळा मिनिटांना ताप आला

सोळा मिनिटांना नेमका आजच ताप आला होता. चौथीच्या बाईंना हे कळलं ते प्रार्थना संपल्यावर.

सोळा मिनिटं हा त्यांच्या वर्गातला एक मुलगा. घरून शाळेत यायला कोणाला किती मिनिटं लागतात, यावरून बाई आज सरासरी शिकवणार होत्या. त्यासाठी पाच मुलं त्यांनी अगदी पारखून घेतली होती. आठ, दहा, बारा, चौदा आणि सोळा. बेरीज साठ, भागिले पाच, सरासरी बारा. ओळीत लावले तर मधला आकडाही बाराच. मोठ्यातून लहान वजा केला की विस्तार आठ. अपूर्णांकाची भानगडच नाही. आठवडाभर असं घोटून घेतलं होतं, की बाईंनी नुसता खडू उचलला तरी मुलं "बारा, बारा, आठ" म्हणून मोकळी व्हायची.

बाई तीन वर्षं हंगामी होत्या. आज नवे तपासनीस पाठ बघणार, शेरा लिहिणार, आणि त्यावर कायम व्हायचं की घरी बसायचं ते ठरणार.

"घाबरू नका हो," मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या. "माणूस नवा आहे. फक्त कडक आहे म्हणतात. हसत नाही, बोलत नाही, नुसतं लिहितो." मोठ्या बाईंची धीर द्यायची ही पद्धत होती.

शिवाय शेवटच्या बाकावर एक मुलगी होती, तिला अख्खी शाळा चौकशी म्हणायची. तिच्यापुढे तर बाईंनी सकाळीच हात जोडले होते. "आजच्या दिवस तोंडाला कुलूप लाव गं बाळा. उद्या हवं ते विचार."

"उद्या का?" चौकशीने विचारलं होतं.

पावणेअकराची वेळ ठरलेली. साहेब आले ते सहा मिनिटं उशिरा. बारीक अंगाचे, हातात वही, चेहरा इस्त्री केल्यासारखा. मोठ्या बाई त्यांच्या शेजारी बसल्या. बाईंनी चार मुलांना पुढे बोलावलं आणि खडू उचलला.

"बारा, बारा, आठ!" वर्ग गरजला.

"मी अजून काही विचारलंच नाही," बाई कशाबशा म्हणाल्या. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"चारच मुलं?" साहेबांनी विचारलं.

"पाचव्याला ताप आहे, साहेब."

"मग पाचवा मला धरा." साहेब उठून रांगेत उभे राहिले. घड्याळ बघून म्हणाले, "सव्वानऊला घरून निघालो, दहा एक्कावन्नला वर्गात आलो. शहाण्णव मिनिटं."

शहाण्णव! बाईंनी आकडा लिहिला. आता माघार कुठली?

"मुलांनो, मधला आकडा कोणता?" साहेबांनी विचारलं.

"बारा!"

आणि तो खरोखरच बारा होता! बाईंच्या जिवात जीव आला.

"छान. आणि सरासरी?"

"बारा!"

"विस्तार?"

"आठ!"

गेली नोकरी, असं बाईंनी मनात म्हटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर आला. बाईंनी डोळे वटारले, मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं. काही उपयोग झाला नाही.

"चुकलं," चौकशी म्हणाली. "बेरीज एकशे चाळीस. सरासरी अठ्ठावीस. विस्तार अठ्ठ्याऐंशी. पण ही कसली सरासरी? अठ्ठावीस मिनिटं तर कोणालाच लागत नाहीत! एकट्या साहेबांमुळे सगळ्यांची बिघडली."

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"मग विश्वास कोणावर ठेवायचा?" साहेबांनी विचारलं.

"मधल्यावर. तुम्ही कितीही उशीर करा, तो जागचा हलत नाही." चौकशीने एक श्वास घेतला. "साहेब, तुम्ही राहता कुठे?"

"टपाल कचेरीच्या मागे."

"आम्ही पण तिथेच! मला नऊ मिनिटं लागतात, तेही पाय ओढत. तुम्हाला शहाण्णव कशी लागली?"

"ए, गप्प बस!" बाई जवळजवळ ओरडल्या. साहेबांची वही हातातून निसटली. नेमके तेव्हाच शिपाईमामा पाण्याचा तांब्या घेऊन आत आले आणि पांढरे पडलेल्या साहेबांकडे बघून थबकले.

"अरेच्चा, हेच होय साहेब? मघापासून शाळेच्या कुंपणाला फेऱ्या घालत होते की! मला वाटलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मी दहा मोजल्या आणि सोडून दिलं."

कोणी हसेना. साहेबांचे कान मात्र लालबुंद झाले.

"पहिलीच तपासणी आहे माझी," ते फळ्याकडे बघत म्हणाले. "फाटकापर्यंत यायचो, पोटात गोळा उठायचा, पुढे निघून जायचो."

"अगं बाई!" मोठ्या बाईंच्या तोंडून गेलं. चौकशी तेवढी समाधानाने खाली बसली. तिचा हिशेब जुळला होता.

मधल्या सुट्टीत साहेबांनी बाईंना कचेरीत बोलावलं. बाई समोर उभ्या राहिल्या. साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'वर्गात विचार करणारी मुले आहेत. कायम करण्यास हरकत नाही.' बाईंनी ते दोनदा वाचलं, आणि त्यांचे डोळेच भरून आले.

साहेब मात्र खुर्चीतून उठेनात. त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, उद्या दुसऱ्या शाळेत माझी तपासणी आहे. म्हणजे करायची मीच, पण आमचे मोठे साहेब मागे बसून मला बघणार. मीही अजून हंगामीच आहे हो. कोणते प्रश्न, कोणत्या क्रमाने, तेवढं एकदा माझ्याकडून घोटून घ्याल का?"

बाईंनी डोळे पुसले, दार लावून घेतलं आणि टेबलावरची पट्टी उचलली.

"उभे राहा," त्या म्हणाल्या. "आणि आधी ते हात खिशातून बाहेर काढा."