रिकाम्या पिशवीचा गिर्यारोहक

आमच्या डोंगरावर मुक्कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला पायथ्याच्या स्वच्छता चौकीतून चुना घातलेली एक पिशवी मिळते. वर जे काही पोटाबाहेर पडेल ते पिशवीत भरून खाली आणायचं, वजन करून द्यायचं आणि मगच घरी जायचं, असा नियम आहे. चौकीचा प्रमुख या नात्याने मी, नासारियो, हे वजन जातीने करतो. डोंगर स्वच्छ आहे आणि माझी बढती जवळ आली आहे.

बोलिवार शहरचे दंतवैद्य एवेलियो लेसामा यांची पिशवी मात्र रिकामी निघाली.

"वर गेला होतात ना?"

"गेलो होतो, साहेब. पण… झालंच नाही."

गृहस्थ कमालीचे आरोग्यप्रेमी. झऱ्याचं पाणी दोनदा उकळून प्यायले, घरून बांधून नेलेलं चीज आणि कसावा कंदाची भाकरी सोडून कशाला तोंड लावलं नाही, हात तर कातडी सोलेपर्यंत धुतले. पोट सोडून बाकी सगळं साफ होतं.

पोट बिघडल्यास काय करावं याची नियमांत तरतूद आहे. पोट संपावर गेल्यास नाही. रिकामी पिशवी हा डोंगर घाण केल्याचा पुरावा मानला जातो आणि भरणा होईपर्यंत इसमास सोडता येत नाही. हे ऐकून लेसामांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि खाली जाणारी शेवटची जीप दारात उभी होती.

"अहो, बाकीच्यांसारखा चिखल भरा की!" त्यांना न्यायला आलेली बायको योलेइदा म्हणाली. "ढिगाने पडलाय समोर."

हे मी ऐकलं नाही. पिशवी उघडून पाहणं आरोग्याला अपायकारक असल्याने आम्हाला वर्ज्य आहे.

"मी डोंगराशी बेइमानी करणार नाही," लेसामा ताठ मानेने म्हणाले.

"मुलीशी केलेली चालेल?"

त्यांची वाटाडी बासिलिया खालच्या पेमोन आदिवासींच्या वस्तीतली. तिला दया आली. तिने पपई कापली आणि वर मुंग्या घालून केलेलं त्यांच्याकडचं जहाल तिखट ओतलं. "डोळे मिटून गिळा, काका. आमच्याकडे दगडालाही पाझर फुटतो याने."

लेसामांनी गिळलं. कान लाल झाले. तेव्हा मी नम्रपणे निदर्शनास आणलं, की पायथ्याशी झालेला भरणा डोंगराच्या खाती धरता येत नाही. त्यासाठी पुन्हा वर जावं लागेल.

"अहो, मी वर पोहोचेपर्यंत जावई हनिमूनहून परत येईल!"

"नियम मी केलेला नाही."

तेवढ्यात तिखटाने आपलं काम केलं. स्वच्छता चौकीला शौचालय नाही, प्रस्ताव मंजुरीसाठी गेला आहे. त्यामुळे लेसामा चौकीच्या मागे धावले. परत आले तेव्हा पोट हलकं होतं, पण तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"साहेब, त्या सगळ्या पिशव्या… मागे ओढ्यात पडल्यात! फुटल्यात!"

"वजन झालं की आमची जबाबदारी संपते. आणि ओढा आमच्या हद्दीत येत नाही."

"तो आमच्या वस्तीत येतो," बासिलिया म्हणाली. "पोरं तेच पाणी पितात. गेल्या महिन्यात धाकटीला जुलाबाने धरलं, कशीबशी वाचली. तुम्ही शहरातले, काका. तुम्ही तक्रार केलीत तर ऐकतील."

"जरूर करा," मी म्हणालो. "तक्रारपेटी तिकडे आहे. फक्त चौकशी होईपर्यंत साक्षीदाराला इथे थांबावं लागतं. नाहीतर ही पिशवी घ्या, भरून द्या आणि जीप गाठा. कुठे भरलीत ते मी विचारणार नाही."

जीपवाल्याने भोंगा वाजवला. लेसामांनी एकदा तक्रारपेटीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. बासिलियाकडे पाहायचं त्यांनी टाळलं. मग खाली वाकून, त्या धुतलेल्या हातांनी, ते ओंजळी भरभरून चिखल पिशवीत भरू लागले. वजन नियमाला धरून भरलं. मी त्यांच्या छातीवर 'आदर्श गिर्यारोहक' असा बिल्ला लावला.

"मुलीला आशीर्वाद सांगा, काका," बासिलिया म्हणाली. जीप निघून गेली.

लेसामांचा तुम्हाला राग आला असेल, तर तुमचं मन अजून स्वच्छ आहे, अभिनंदन. फक्त एक सांगा. आज सकाळी तुम्ही दाराबाहेर ठेवलेली कचऱ्याची पिशवी पुढे कुणाच्या ओढ्यात जाते, हे तुम्ही गाडीवाल्याला थांबवून विचारलंत का? नाही ना? असू द्या. तुम्हालाही कुठेतरी वेळेवर पोहोचायचं होतं.