कोपरापासून मोजलेली चौकट

"मोजपट्टी? ती कशाला? माझा हात आहे ना!" योरुननं छाती फुगवून जाहीर केलं, आणि तिथंच माशी शिंकली!

बोट ठेवायच्या बोटघराच्या दाराची चौकट वादळानं मोडली होती. शनिवारी मार्गिटआत्याचं लग्न! घरातल्या सगळ्या नवऱ्या आतल्या त्या बोटीतूनच चर्चला गेलेल्या. हाल्वारआजोबांचा खांदा दुखावलेला, म्हणून नवी चौकट बसवायचं काम पंधरा वर्षांच्या योरुननं अंगावर घेतलं. जुन्या कागदावर माप होतं : रुंदी तीन आलेन.

"आत्या, आपल्या भाषेत कोपराला 'आल्बुए' का म्हणतात, सांग! 'आल' म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचा हात. 'बुए' म्हणजे बाक. हाताचा बाक तो आल्बुए! आणि त्याच हाताचं माप आलेन. काय डोकं होतं गं आपल्या पूर्वजांचं! पट्टी घरी विसरायची भीतीच नाही!"

"हुशार गं माझी बाय! पण दारातून लग्नाची बोट बाहेर येईल ना?"

"आत्या! या शब्दावरच्या निबंधाला सहापैकी सहा मिळालेत मला!"

योरुननं रेनकोट बोटघरातल्या भिंतीवरच्या एका खाचा पाडलेल्या काठीला अडकवला, कोपर टेकवून तीन हात मोजले, आणि ठाकठोक करून चौकट ठोकली. अशी पक्की, की वादळानंही हात जोडावेत!

शनिवारी सकाळी आत्या चांदीचा मुकुट घालून धक्क्यावर उभी. व्हायोलिनवाला सूर जुळवतोय. आठ गड्यांनी बोट ढकलली. निम्मी आली, आणि बाटलीतल्या बुचासारखी गच्च अडकली!

"अजून थोडं रेटा!" योरुन ओरडली.

"रेटता रेटता मी म्हातारी होईन गं!" मुकुट सावरत आत्या किंचाळली.

आजोबा शांतपणे मागच्या दारानं आत गेले. रेनकोट उचलला. खालची काठी काढली.

"ही आलेनकाठी. तुझ्या हाताहून चांगली वीतभर लांब! ज्याचा त्याचा हात वेगळा, म्हणून भांडणं व्हायची. शेवटी सगळ्यांना मिळून एक काठी ठरली."

योरुनचं तोंड एवढंसं झालं.

"पण शब्द काय फोडलास, पोरी! ऐंशी वर्षं कोपर वाकवतोय, कधी विचारच केला नाही मी. वा! आता कुऱ्हाड आण."

पाव तासात चौकट खाली, बोट पाण्यात, आत्या बोटीत!

"ये, बस!" आत्यानं हाक मारली. "कोपर तेवढं आत ठेव!"

ती चौकट आता कोंबड्यांच्या खुराड्याला आहे. एवढा प्रशस्त दरवाजा पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्याच कोंबड्यांना नाही!