नानांच्या भिंतीवरचा माहितीपट

कौतिक मास्तरांचा साखरपुडा तोताराम नानांच्या लताशी ठरला होता, आणि तो मोडायची वेळ मास्तरांनी स्वतःच गाडीत बसवून गावात आणली.

गाडी प्रसिद्धी खात्याची. अमळनेरला मास्तरांनी भेसळीवरचा माहितीपट पाहिला होता आणि ते भारावून गेले होते. साहेबांना गाठून म्हणाले होते, आमच्या गावाला हाच दाखवा, माणसं विचार करतील. लोकांनी विचार करावा या नादात, आपले होणारे सासरे किराणा विकतात याचा विचार त्यांनी केलाच नव्हता.

तरी मास्तर धीर धरून होते. पडदा चावडीपुढे, नानांचं दुकान पलीकडे. पण दिवेलागणीला असा वारा सुटला की पडदा पोळ्याच्या बैलासारखा कुणाच्या हाती राहीना. साहेब पांढऱ्या भिंतीची चौकशी करू लागले, तसे नाना पुढे झाले. साखरपुड्यासाठी त्यांनी कालच दुकानाला चुना मारून घेतला होता.

"मनी भिंत शे ना," नाना म्हणाले. "दूधना मायक."

पडद्याला दगड बांधू, वारा पडू द्या, असं मास्तर बोलत राहिले, ऐकतो कोण! नानांना मानाची खुर्ची मिळाली. साहेबांनी भोंग्यातून जाहीर केलं की हा माहितीपट कौतिक मास्तरांच्या खास शिफारशीवरून.

आणि 'तोताराम किराणा'च्या ठळक पाटीखाली एक हात मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळू लागला. मग तिखटात विटेची भुकटी. लोक एकदा भिंतीकडे बघत, एकदा नानांच्या पाठीकडे. ती पाठ हलली नाही. बायकांत बसलेल्या लतानं पदर तोंडावर ओढला. ती रडते की हसते, मास्तरांना कळेना.

सकाळी दुकानापुढे ही गर्दी! गाव जाब विचारायला आलं, असंच मास्तरांना वाटलं. ते गर्दीत शिरले. सगळ्यात पुढे बेबाबाई, हातात रिकामा डबा.

"ज्याना मनमा पाप शे, तो सोतानी भिंतवर असं दखाडी का?" ती सगळ्यांना सुनावत होती. "मी ते आते मिरं आठेच लिसू." मागच्यांनीही आपापले डबे पुढे केले.

नानांनी मास्तरांना खुणेनं आत बोलावलं. लताचं नाव मनातल्या मनात शेवटचं घेऊन मास्तर आत गेले. कोठीच्या कोपऱ्यात सुतळीनं तोंड शिवलेलं एक पोतं होतं.

"जावईबापू, हाई परसमा पुरी टाका," नाना हळूच म्हणाले. "आते गावना भरोसा बसी गया. काय करानं?"

मास्तरांनी पोतं खांद्यावर घेतलं. एका भोकातून वाळलेल्या काळ्या बिया ठिबकत होत्या, पण मास्तरांच्या कानात 'जावईबापू' हा शब्द नव्या पैंजणासारखा वाजत होता.

"आनि साहेबले आखो एक फिल्म सांगा," नानांनी मागून हाक दिली. "दारूनी सांगा, सफाईनी सांगा." मग तागडीकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "वजनमापनी तेवढी आते नको."