प्रगतीस वाव नाही

पडेगावच्या एका शाळेत तिसरीतली निशा पहिल्याच चाचणीत अख्खा उतारा न अडखळता वाचून मोकळी झाली, आणि शाळेवर संकट कोसळलं.

राष्ट्रीय प्रगती मापनाचा नियम सरळ आहे. जूनमध्ये पहिली चाचणी, मार्चमध्ये शेवटची, आणि दोन्हींतला फरक म्हणजे प्रगती. निशाला जूनमध्येच पैकीच्या पैकी पडले. मार्चमध्ये त्याहून जास्त आणायचे कुठून? पोर्टलने तिच्या नावापुढे लाल शेरा मारला : 'प्रगतीस वाव नाही.' तिच्या शेजारच्या सुयशला स्वतःचं नावही वाचता आलं नव्हतं. त्यामुळे शाळेची सारी भिस्त आता त्याच्यावर होती.

मुख्याध्यापक रामकिसन सरांनी वर्गशिक्षिकेला बोलावून घेतलं.

"मंजुषा मॅडम, या पोरीला वाचायला कोणी शिकवलं?"

"मीच सर. गेल्या वर्षी."

"चौकशी झाली तर असं कबूल करू नका."

वरून आदेश आला : अशा विद्यार्थ्यांस उपचारात्मक वर्गात बसवून प्रगतीस वाव निर्माण करावा. मॅडम कामाला चोख. त्या निशाला रोज थोडी थोडी अक्षरं विसरायला लावू लागल्या. आधी जोडाक्षरं गेली, मग काना-मात्रा. पोरगी मुळात हुशार, विसरण्यातही वर्गात पहिली आली. दिवाळीनंतर जूनची चाचणी रद्द करून घेतलेल्या फेरचाचणीत तिला शून्य पडलं. सरांनी पेढे वाटले.

निशाची आई कडूबाई चिकलठाण्याच्या कंपनीतली पाळी बुडवून शाळेत आली.

"सर, पोरगी रस्त्यानं दुकानाच्या पाट्या वाचीत चालायची. आता वाच म्हणलं तर नुसती बघती. मला लई भ्या वाटतं."

"ताई, ही पूर्वतयारी आहे. मार्चमध्ये बघा कशी धडाधड वाचते."

"आन् मार्चनंतर?"

"मार्चनंतर परत जून असतो, ताई."

जानेवारीत मॅडमनी काढून घेतलेली अक्षरं परत दिली. मार्चमध्ये निशाने उतारा खणखणीत वाचला. प्रगती शंभर टक्के! पेपरात तिचा फोटो आला, खाली मोठी बातमी. कडूबाईनं पेपर लेकीपुढं धरला.

"वाच की बाय, तुझंच नाव हाय."

"आई, ही पहिली चाचणी हाय का शेवटची?"

"चाचणी नाय गं, बातमी हाय तुझी."

"मग वाचायचं कशाला?" निशा म्हणाली आणि खेळायला गेली. कडूबाई पेपर हातात घेऊन तशीच बसली. तिला रडू आलं.

बातमी तुमच्याही वाचनात आली असेलच. गारखेड्यातल्या एका नामांकित शाळेने लगेच असाच विसरवर्ग काढला. जूनच्या आत आपलं पोर पुरेसं कच्चं व्हावं म्हणून पहाटेपासून पालकांची रांग लागली होती. तुम्ही बरेच पुढे होतात. मी मागून हात केला, पण पोराचा नंबर जाईल म्हणून तुम्ही वळून पाहिलं नाहीत.